पत्रकारिता शिकायचीय? फी भरण्याआधी एवढं वाचा

बातमी द्यायला कायद्यानं पदवी सक्तीची नाही. पण वर्तमानपत्र, वाहिनी किंवा सरकारी माहिती खात्यात नोकरी हवी असेल, तर पदवी किंवा पदविका विचारली जातेच. म्हणून कोर्स नीट पारखून घ्या.

कोर्स कोणते?
बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी बीएएमएमसी करता येतं. मुंबई विद्यापीठात यालाच आधी बीएमएम म्हणायचे. दुसऱ्या विषयात पदवी घेतली असेल, तर पुढं पत्रकारितेची पदविका किंवा दोन वर्षांचं एम.ए. करता येतं.

शिकवतात काय?
बातमी लिहिणं, मुलाखत, संपादन, कॅमेरा, रेडिओ, जाहिरात आणि जनसंपर्क. शिवाय बदनामीचा कायदा आणि २००५ चा माहिती अधिकार कायदा. ग्रामपंचायतीच्या कामाची बातमी करणाऱ्याला हे दोन कायदे माहीत हवेतच.

कुठं शिकता येईल?
• पुणे : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग, म्हणजेच रानडे इन्स्टिट्यूट.
• कोल्हापूर : शिवाजी विद्यापीठ.
• छत्रपती संभाजीनगर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.
• अमरावती : भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र. इथं मराठी पत्रकारितेची पदविका आहे.
• नाशिक : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. शेती, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सोयीचं.

फसू नका
खासगी संस्थेत गेलात तर पहिला प्रश्न विचारा : गुणपत्रिकेवर नाव कुठल्या विद्यापीठाचं येणार? ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, हे मोबाईलवरच बघा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागा. पैसे घेऊन ‘प्रेस कार्ड’ देणाऱ्यापासून लांब राहा. पत्रकारांना सरकारी अधिस्वीकृती पत्रिका मिळते ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, आणि त्यासाठी कामाचा अनुभव लागतो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल बघा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

शिकून शहरातच जावं लागतं का?
नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ गावाच्याच भाषेत बोलतो. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकरही देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचेच. गावातल्या पोराला, पोरीला गावाचे प्रश्न ठाऊक असतात. ते पुराव्यासह मांडायचे कसे, हे या शिक्षणातून कळतं.