ख्रिस्ती नम्रता आणि वऱ्हाडचा दुष्काळ

वऱ्हाडात पाहुणा दारी आला म्हणजे प्रथम त्याच्यापुढे पाय धुण्यास पाण्याचा तांब्या ठेवण्याची जुनी रीत आहे. पाणी यजमानाचे, पाय मात्र पाहुणा आपले आपण धुतो. दुसऱ्याचे पाय धुवावयाचे ते वधूपित्याने जावयाचे किंवा शिष्याने गुरूचे. म्हणजे ज्याचा मान कमी त्याने ज्याचा मान अधिक त्याचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हा क्रम उलटला आहे. तेथे गुरू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र संकोचाने नको म्हणतो. ख्रिस्ती नम्रतेचा सारा विचार या एका प्रसंगात साठविला आहे असे आम्हांस वाटते.

नव्या करारात नम्रतेसाठी जो ग्रीक शब्द आला आहे, तो त्यापूर्वी बहुधा हीन, खालच्या पायरीचा, अशा निंदेच्याच अर्थाने चाले. त्यास सद्गुणाचे पद ख्रिस्ती धर्माने दिले. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांकरिता नम्रतेच्या 12 पायऱ्या नेमून दिल्या. परंतु नम्र कोणी व्हावयाचे आणि कोणापुढे, हा प्रश्न मठाबाहेर पडताच बिकट होतो. वऱ्हाडात तो दुष्काळाच्या रूपाने उभा राहिला.

इ. स. 1899-1900 च्या दुष्काळाने हा कापसाचा संपन्न प्रांत हवालदिल करून सोडला. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती. 1901 मध्ये ती सुमारे 27 लाख 54 हजारांवर आली. अशा काळी देणाऱ्याचा हात वर व घेणाऱ्याचा खाली असणे अपरिहार्यच. ज्याच्या ताटात दुसऱ्याचे अन्न पडले आहे, त्यास नम्रतेचा उपदेश करणे फार सोपे असते; परंतु तो जी मान लववितो तिला लाचारी म्हणावे की नम्रता, हे सांगणे कठीण. लाचारी पोटातून येते आणि पोट भरताच ओसरते, किंवा मनात अढी ठेवून जाते. म्हणून दुष्काळात नम्रतेची परीक्षा घेणाऱ्याची नसून देणाऱ्याची असते, असे आमचे मत आहे.

या परीक्षेचे उत्तम उदाहरण पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. वऱ्हाडशी त्यांचा संबंध स्नेहाचा होता: अकोला व मुंबई येथे सेवा केलेल्या जेनी फुलर या अमेरिकन मिशनरी बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेले पुस्तक 1900 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यास प्रस्तावना रमाबाईंची आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात हिंडल्या आणि निराधार मुलींना त्यांनी आपल्या आश्रयास आणले.

या बाईंवर अहंकाराचा आरोप आला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील गुरुभगिनींना त्यांची प्रश्न करण्याची वृत्ती गर्वाची वाटे. मंडळीचे प्रत्येक मत मुकाट्याने स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशास, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. मात्र हीच विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये जिला 'सरस्वती' म्हणून गौरविले ती, केडगावच्या मुक्तिसदनात बायबलाचे भाषांतर करावयास बसली तेव्हा तिने संस्कृताचा साज उतरवून ठेवला. त्यासाठी ती हिब्रू व ग्रीक शिकली आणि खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही उमजेल अशी सोपी मराठी तिने योजिली. 1922 मध्ये त्या वारल्या. भाषांतर 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

सत्ताधीशांपुढे ज्या संस्कृताचा रमाबाईंनी आग्रह धरला, तेच दीनांपुढे त्यांनी आपण होऊन सोडले. यात विसंगती नाही. नम्रतेचे मर्मच येथे आहे. बलवंतापुढे वाकणे पुष्कळदा भयाने घडते. दुर्बळापुढे वाकावयास प्रीतीच लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही 1917 मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग केला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस एकत्र बोलाविले. वेतन सोडणे हा ताठा नव्हता. सेवा आणि ताबेदारी यांची गल्लत त्यांना नको होती.

परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे. कुष्ठरोगात पायांची संवेदना जाते, जखम झाली तरी रोग्यास कळत नाही. म्हणून असे पाय पाण्यात भिजवून, धुऊन, नित्य न्याहाळावे लागतात. योहानाच्या तेराव्या अध्यायावर याहून चांगले भाष्य आम्हांस ठाऊक नाही. आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवनात हेच भाष्य लिहिले. ते ख्रिस्ती नव्हते. हा गुण आपल्याच घरचा नाही, शेजाऱ्याच्या अंगणातही तो तितक्याच टवटवीतपणे वाढतो, हे आनंदाने कबूल करणे, ही ख्रिस्ती माणसाच्या नम्रतेची शेवटची आणि कदाचित सर्वांत अवघड पायरी होय.