उडती पिसू : आंरी मिन्ये आणि घरी बांधलेलं विमान

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं मला गाठलं आणि जरा रागानंच विचारलं, "सर, कांदिवलीच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. मग चाचणी उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९ उजाडावं का लागलं? माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतोय, तर सरकारचं त्यात काय जातं?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी फ्रान्सला जावं लागेल.

आंरी मिन्ये हा रेडिओच्या कामातला माणूस. विमानाचं त्याला वेड होतं, पण नेहमीचं विमान काही हातात बसेना. हातापायांचा मेळ जमेना. तेव्हा यानं काय केलं, तर पायानं चालवायचं काही ठेवलंच नाही. एकामागे एक असे दोन पंख, आणि एकच दांडा. दांडा डावी-उजवीकडे नेला की मागचं सुकाणू फिरायचं. मागे ओढला की पुढचा अख्खा पंखच बिजागरीवर तिरपा व्हायचा आणि नाक वर यायचं. लाकूड, प्लायवूड, कापड आणि एक छोटं इंजिन. १० सप्टेंबर १९३३ रोजी ते उडालं. फ्रेंचमध्ये त्याचं नाव 'आकाशातली ऊ'. इंग्रजांनी उवेची पिसू केली!

१९३४ मध्ये मिन्येनं पुस्तक काढलं. साधं सुतारकाम येणाऱ्याला घरी विमान बांधता यावं, इतकं तपशीलवार. ऑगस्ट १९३५ मध्ये तो स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून गेला आणि लोक वेडे झाले. एकट्या ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक पिसवांची नोंदणी झाली.

आणि मग माणसं मरू लागली. विमान नाकावर झुकायचं आणि सरळ जमिनीत जायचं.

लोकांना वाटलं, बांधणी कच्ची असणार. हौशी मंडळी, खिळे नीट ठोकले नसतील. १९३६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड दोन्हीकडे वातबोगद्यात तपासणी झाली. म्हणजे विमान जागेवर आणि वारा वाहता. दोष सुतारकामाचा नव्हता, आराखड्यातच होता. दांडा ओढला की पुढच्या पंखाची मागची कड खाली येई आणि दोन पंखांमधली फट अरुंद होई. त्या फटीतून वारा वेगानं जाई, त्यामुळे मागच्या पंखाची उचल वाढे, शेपूट वर आणि नाक आणखी खाली. एका कोनापलीकडे विमान झुकलं की पायलट जिवाच्या आकांतानं दांडा ओढणार, कोणीही तेच करील, आणि तेच त्याला मारणार.

म्हणजे पाहा, ज्यानं महिनोन् महिने खपून एकेक सांधा चोख बसवला, त्यालाही ती मेहनत उपयोगी पडली नाही. हे मला फार लागतं.

मिन्ये लबाड नव्हता, बरं का. स्वतः तेच विमान उडवत होता. आपले नैयायिक सांगतात, जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही; लाकूड ओलं असेल तरच धूर. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी, अनुमानात लपलेली अट. 'मी उडवतो, मला काही होत नाही, म्हणून विमान सुरक्षित', या अनुमानातही उपाधी होती : तो ज्या कोनांच्या मर्यादेत उडवत होता, ती मर्यादा. त्याला ती दिसली नाही, कारण तो तिच्या आतच होता. आणि पुस्तक वाचणाऱ्याला ती दिसणार कुठून? तो मिन्येच्या शब्दावर जीव टाकत होता.

म्हणून 'स्वतःचा जीव' हे मला अर्धंच पटतं. परवाना देणाऱ्यानं कागद वर्षानुवर्षं दाबून ठेवावेत, असं मात्र मी म्हणत नाही. कागदांच्या ढिगात उपाधी सापडत नसते, ती चाचणीत सापडते.

दोन्ही देशांत पिसूवर बंधनं आली. मिन्ये थांबला नाही. आराखडा सुधारला, १९६५ मध्ये मरेपर्यंत विमानं काढत राहिला, आणि त्याच्या घराण्यातली विमानं आजही उडतात.

अमेरिकेत आज घरी बांधलेल्या विमानाला आधी दाट वस्तीपासून दूर, नेमून दिलेल्या हद्दीत चाचणीची उड्डाणं करावी लागतात. सर्वसाधारणपणे २५ ते ४० तास, आणि तोवर प्रवासी बसवायचा नाही. पुढे बसवता येतो. पण त्याला दिसेल अशी एक पाटी आत लावावी लागते : हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांसाठीच्या सुरक्षानियमांची पूर्तता ते करत नाही.