घरगुती श्वानपैदास आणि वंशनोंद : इंग्लंडमधील एक अध्याय (१८५९–२००९)

१

वंशावळ हे इतिहासाचे जुने साधन आहे, आणि तितकेच फसवेही आहे. मराठी दप्तरांशी परिचय असलेल्या अभ्यासकास हे वेगळे सांगावयास नको. वतनाच्या तंट्यात दाखल झालेला एखादा करीना वाचताना ही वंशावळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि ती खरी ठरल्याने कोणाचा लाभ होणार होता, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे लागतात. हेच तीन प्रश्न माणसांच्या वंशावळींऐवजी कुत्र्यांच्या वंशावळींना लावले असता एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग स्पष्ट होऊ लागतो. दोन-तीन माद्या घरात बाळगून, त्यांची पिल्ले वाढवून, निवडक पिल्ले प्रदर्शनात नेणारी कुटुंबे हा त्या इतिहासाचा केंद्रबिंदू होय. आजच्या अनेक नामांकित जाती या कुटुंबांच्या हातून घडल्या. त्यांच्याच आग्रहातून वंशनोंदीचा ग्रंथ निर्माण झाला. आणि शेवटी त्याच ग्रंथाने त्यांची मूळ पद्धत निषिद्ध ठरविली. हे कसे घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रदर्शने सुरू होण्यापूर्वी कुत्र्यांची वंशनोंद अगदीच नव्हती असे नाही. कोल्ह्याच्या शिकारीसाठी मोठे जमीनदार जे कळप बाळगीत, त्यांच्या नोंदवह्या अठराव्या शतकापासून ठेवल्या जात असत. परंतु हा मोठ्या घराण्यांचा व्यवहार होता. त्यासाठी नोकर, स्वतंत्र श्वानगृह आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न लागे. दुसऱ्या टोकाला लंडनसारख्या शहरांतील मद्यगृहे होती. तेथे कारागीर आणि लहान व्यापारी संध्याकाळी आपापली छोटी कुत्री घेऊन जमत, टेबलावर ठेवून त्यांची तुलना करीत आणि पैजा लावीत. जेमी शॉ या मद्यगृहचालकाच्या बैठकीचे १८५५ मध्ये काढलेले तैलचित्र उपलब्ध आहे. सार्वजनिक प्रदर्शने सुरू होण्यापूर्वीच हौशी मंडळींचा समाज अस्तित्वात होता, याचा तो चांगला पुरावा मानता येईल. या बैठकींत कुत्र्याची योग्यता डोळ्यांनी ठरे आणि त्याच्या आईबापांविषयी मालकाचा शब्द प्रमाण मानला जाई.

२८ व २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल येथे गुराढोरांच्या प्रदर्शनास जोडून कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वानप्रदर्शनांचा आरंभ येथून मानतात. त्यात दोनच जातींना प्रवेश होता. पक्ष्याचा वास लागताच त्या दिशेने तोंड करून निश्चल उभा राहणारा तो पॉइंटर, आणि दबून बसणारा तो सेटर. एकंदर सुमारे ६० कुत्री आली होती आणि बक्षीस म्हणून बंदुका ठेवल्या होत्या. या प्रदर्शनाचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॉइंटरचे पहिले बक्षीस सेटरच्या एका परीक्षकाच्या कुत्र्यास मिळाले आणि सेटरचे पहिले बक्षीस पॉइंटरच्या एका परीक्षकाच्या कुत्र्यास मिळाले. यात लबाडीच होती असे म्हणण्याचे कारण नाही. जाणकार मूठभर होते आणि चांगली कुत्रीही त्यांच्याच घरी होती. परंतु परीक्षक आणि स्पर्धक एकाच वर्तुळातले असतात, ही श्वानप्रदर्शनांविषयीची तक्रार पहिल्याच दिवशी जन्माला आली, हे मात्र खरे.

पुढील वर्षी, म्हणजे १८६० मध्ये, बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात सुमारे ३० जातींची २६७ कुत्री दाखल झाली. या वाढीस रेल्वे कारणीभूत झाली. उत्तरेकडील गिरणीच्या गावातील माणूस आपले कुत्रे घेऊन सकाळच्या गाडीने निघे आणि बक्षिसासह अथवा बक्षिसावाचून परत येई. मूल्यमापनाची भाषाही याच काळात घडली. १८६५ मध्ये ‘फिलो-कुऑन’ या टोपणनावाने बुलडॉगचे आदर्श वर्णन प्रसिद्ध झाले. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श हे ‘स्टोनहेंज’ या नावाने लिहीत. डोके, मान, खांदे, पाय, केस अशा अवयवांना शंभरांपैकी गुण वाटून देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. कुत्रे किती चांगले काम करते, या प्रश्नाशेजारी ते कागदावरील वर्णनाशी किती जुळते, हा दुसरा प्रश्न उभा राहिला. हळूहळू हा दुसरा प्रश्नच वरचढ ठरला.

३

या परिवर्तनाचे सर्वांत बोलके उदाहरण यॉर्कशायर टेरियरचे आहे. स्कॉटलंडमधून कामाच्या शोधात यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत आलेल्या विणकरांनी आपल्याबरोबर लांब केसांचे छोटे टेरियर आणले. गिरण्यांत आणि खाणींत उंदरांचा सुळसुळाट असे. त्यामुळे हे कुत्रे कामाचेही होते आणि घरातही सहज मावत असे. स्थानिक टेरियरांशी त्यांचा संकर होऊन रेशमासारख्या केसांचा एक नवा प्रकार निपजला. विणकरांनी आपली कुत्रीसुद्धा मागावरच विणली असावीत, असा विनोद त्या भागात प्रचलित होता.

१८६५ मध्ये हडर्सफील्ड येथे जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ नावाचा नर या जातीचा मूळपुरुष समजला जातो. ब्रॅडफर्ड येथील श्रीमती मेरी अ‍ॅन फॉस्टर यांनी तो बाळगला आणि ठिकठिकाणी प्रदर्शित केला. १८७१ मध्ये एका अपघातात तो मेला तेव्हा त्याचे वय अवघे सहा वर्षांचे होते. तोवर त्याच्या नावावर ७४ बक्षिसे जमा झाली होती. पण त्याचे खरे महत्त्व बक्षिसांत नाही. तो स्वतः आजच्या मानाने आकाराने मोठा असूनही त्याची संतती लहान चणीची, एकसारख्या रंगाची आणि एकसारख्या केसांची निपजे. पैदासकारास हवे असते ते हेच. स्वतः सुंदर असणारा नर पुष्कळदा सापडतो. आपले रूप संततीत हुकमीपणे उतरविणारा नर क्वचित सापडतो.

हा हुकमीपणा कोठून आला, याचे उत्तर बेनच्या वंशावळीत मिळते. उपलब्ध वंशावळीनुसार त्याची आई आणि त्याच्या बापाची आई या दोन नसून एकच मादी होती. म्हणजे आई व पुत्र यांच्या संयोगातून तो जन्मला होता. त्या काळी यात कोणासही काही वावगे वाटत नसे. ज्याच्या घरी दोनच चांगली जनावरे आहेत, त्याला बाहेरचा अनोळखी नर आणण्यापेक्षा घरचा ओळखीचा नर अधिक भरवशाचा वाटे. बाहेरच्या नराचे शुल्क द्यावे लागे, किंवा त्याऐवजी वेतातील एक उत्तम पिल्लू त्याच्या मालकास निवडू द्यावे लागे. १८६७ पासून प्रत्येक कुत्र्यामागे पाच शिलिंगांचा वार्षिक परवाना होता. घर लहान, पैसा बेताचा आणि हवी ती गुणवैशिष्ट्ये टिकविण्याची निकड मोठी, या तीन गोष्टींचा स्वाभाविक परिणाम म्हणजे निकटसंबंधातील पैदास होय.

अशा घरातील श्रमांची नोंद कोणत्याही ग्रंथात होत नाही. मादी सुमारे ६३ दिवस गाभण राहते. व्याल्यानंतर पहिले काही दिवस रात्रंदिवस जागून पिल्लांना ऊब द्यावी लागते. यॉर्कशायर टेरियरचे केस प्रदर्शनासाठी राखावयाचे तर रोज तेल लावून विंचरणे आणि खाजवून केस तुटू नयेत म्हणून पायांत कापडी मोजे चढविणे, हा नित्यक्रम असे. हे काम घरातच होई, आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. श्रीमती फॉस्टर पुढे परीक्षक म्हणूनही पुढे आल्या. तथापि केनेल क्लब या प्रमुख संस्थेचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना मिळण्यास १९७९ साल उजाडावे लागले. नोंदग्रंथ कोणाच्या श्रमांवर उभा राहिला आणि त्याचे नियम कोणी केले, यांतील अंतर एवढ्यावरून कळून येते.

४

केनेल क्लबची स्थापना ४ एप्रिल १८७३ रोजी लंडन येथे एस. ई. शर्ली यांच्या पुढाकाराने झाली. प्रदर्शनांतील गैरप्रकारांस आळा घालणे हा तिचा एक हेतू होता; दुसरा हेतू वंशनोंद हा होता. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वंशग्रंथात १८५९ पासूनच्या ४,०२७ कुत्र्यांची ४० जातींत विभागून नोंद केलेली आहे. एकाच नावाची अनेक कुत्री असल्याने बक्षिसे व वंश यांचा घोटाळा होई. म्हणून १८८० मध्ये प्रत्येक कुत्र्याचे नाव स्वतंत्रपणे नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. यामुळे लहान पैदासकारास मोठा आधार मिळाला. पूर्वी मोठ्या घराण्याच्या नावावर जे विकले जाई, ते आता नोंदीच्या आधारावर विकले जाऊ लागले. ब्रॅडफर्डच्या घरातील पिल्लू आणि जमीनदाराच्या श्वानगृहातील पिल्लू हे निदान कागदावर तरी समान पातळीवर आले.

परंतु कागद जितका मोलाचा, तितका तो खोटा असण्याचा मोह अधिक. एडवर्ड लॅव्हरॅक (मृत्यू १८७७) याचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तरुणपणी जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेल्या या गृहस्थास पुढे वारशाने पैसा मिळाला आणि त्याने आपले आयुष्य सेटर जातीस वाहिले. कार्लाइलजवळ राहणाऱ्या एका धर्मोपदेशकाकडून १८२५ मध्ये ‘पाँटो’ नावाचा नर आणि ‘ओल्ड मॉल’ नावाची मादी आपण घेतली आणि पुढील सुमारे पन्नास वर्षे बाहेरच्या रक्ताचा थेंबही न मिसळता केवळ या जोडीपासून आपला वंश वाढविला, असे त्याचे प्रतिपादन होते. १८७२ मध्ये त्याने सेटरविषयी ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याने दिलेल्या वंशावळींत प्रत्येक शाखा मागे जात जात त्याच दोन नावांवर येऊन थांबते.

अडचण उत्पन्न झाली ती रंगामुळे. त्याच्या वंशातील एका नराच्या संततीत तपकिरी रंगाची पिल्ले निपजू लागली. हा रंग त्या शुद्ध वंशात असावयास नको होता. विचारणा झाली तेव्हा लॅव्हरॅकने पत्रातून खुलासा केला की, सुमारे तीस वर्षांपूर्वी आपण कंबरलँडमधील एडमंड कॅसल येथील सेटरांचे रक्त आपल्या वंशात घेतले होते. म्हणजे छापील वंशावळ एक सांगत होती आणि खाजगी पत्र दुसरेच सांगत होते.

या प्रसंगी लॅव्हरॅकला लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते फारसे उपयोगाचे नाही. व्यवहारात त्याने जे केले ते शहाणपणाचेच होते. पन्नास वर्षे दोनच जनावरांवर वंश चालविणे अत्यंत धोक्याचे असते. दीर्घकाळ चाललेल्या निकट पैदाशीने आकार, जोम आणि जननक्षमता खालावते, हे डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात मांडलेही होते. अनुभवी पैदासकार या नात्याने लॅव्हरॅकने बाहेरचे रक्त घेतले. मात्र शुद्धतेची किंमत ओळखणारा विक्रेता या नात्याने ते लपविले. ग्राहकास शुद्धता हवी होती आणि जनावरास मिश्रण हवे होते. या दोन मागण्यांतील विरोध पुढील शंभर वर्षे मिटला नाही.

५

ग्रंथ जसजसे बंदिस्त होत गेले, तसतसा लॅव्हरॅकने वापरलेला चोरवाटेचा उपायही दुर्लभ झाला. त्याचे परिणाम डल्मेशियन जातीत स्पष्ट दिसतात. या जातीच्या कुत्र्यांच्या मूत्रात यूरिक आम्लाचे प्रमाण अधिक असते आणि त्यामुळे मूतखडे होतात. हा दोष अप्रभावी गुणसूत्रांशाचा आहे. त्याची निर्दोष प्रत जातीतून जवळजवळ नाहीशी झाल्यामुळे जातीतल्या जातीत कितीही निवड केली तरी तो जाणे शक्य नव्हते. १९७३ मध्ये रॉबर्ट शायब्ल या अमेरिकन शास्त्रज्ञाने डल्मेशियनचा एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत पुन्हा शुद्ध डल्मेशियनच वापरले. दर पिढीस पॉइंटरचा अंश निम्मा होत जातो. अशा दहा पिढ्यांनंतर तो हजारांत एक अंशाहूनही कमी उरतो. असे असूनही १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशातील दोन कुत्र्यांची नोंद केली तेव्हा जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला आणि पुढील नोंदणी थांबली. ब्रिटनमध्ये २०१० साली आणि अमेरिकेत २०११ साली या वंशास प्रवेश मिळाला. मधल्या तीस वर्षांत कुत्र्याचे आरोग्य आणि कागदाची शुद्धता यांपैकी कागदाचाच पक्ष बलवान ठरला होता.

२००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आरोग्यावर एक माहितीपट दाखविला आणि ब्रिटनमध्ये मोठा वाद उसळला. २००९ मध्ये केनेल क्लबने नियम केला की, अपवादात्मक परिस्थिती वगळता आई व पुत्र, बाप व कन्या आणि भाऊ व बहीण यांच्या संयोगातून झालेल्या पिल्लांची नोंद होणार नाही.

हा नियम आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ विलक्षण आहे. हडर्सफील्ड बेन आज जन्मला असता तर त्यास त्या ग्रंथात जागा मिळाली नसती. लॅव्हरॅकच्या वंशावळीतील निकट संयोग खरे मानले तर त्यांतून झालेली पिल्लेही नाकारली गेली असती. आणि त्याची वंशावळ खोटी ठरविणारे परके रक्त मात्र आरोग्याच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरले असते.

यावरून घरगुती पैदासकारांना दोष देणे न्याय्य होणार नाही. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला असला तरी त्याचे महत्त्व १९०० पर्यंत कोणास कळले नव्हते. ब्रॅडफर्डच्या घरात हाताशी असलेले ज्ञान डोळ्यांचे आणि अनुभवाचे होते, आणि त्याच्या बळावर त्या कुटुंबांनी जे साधले ते असामान्य होते. चूक झाली ती नंतर. एका घराच्या अडचणीतून निघालेला उपाय संपूर्ण जातीचा नियम झाला आणि तात्पुरती नोंद ही कायमची मर्यादा ठरली. करीना वाचणाऱ्या अभ्यासकास जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही लागू पडते. वंशावळ ही कोणापासून कोण झाला हे सांगते. पुढे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. तो अधिकार ज्याच्या घरी पिल्ले जन्मतात, जो ती रात्रभर जागून वाढवितो आणि ज्याला त्यांतील दुबळे पिल्लू कोणते हे प्रथम कळते, त्याचा आहे. आणि त्या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारीही त्याचीच आहे.