‘आततायी’ : शस्त्राकडून स्वभावाकडे

पदव्युत्तर वर्गात गीतेच्या पहिल्या अध्यायाचा संदर्भ निघाला असता एका विद्यार्थ्याने ‘आततायी’चा अर्थ ‘उतावळा, अविचारी’ असा सांगितला. मराठीपुरते त्याचे काहीच चुकले नव्हते. ‘आततायीपणा करू नकोस’ असे आपण बजावतो ते मागचापुढचा विचार न करता टोकाला जाणाऱ्यालाच. परंतु हा अर्थ अर्जुनाच्या तोंडी घातला की त्याचा पेचच नाहीसा होतो, हे आम्हांस त्या दिवशी जाणवले.

‘तन्’ म्हणजे ताणणे. ‘आतत’ म्हणजे ताणलेले. धनुष्य ताणून चालून येणारा तो आततायी. शुक्ल यजुर्वेदातील रुद्राध्यायात खुद्द रुद्राला वंदन करताना हे विशेषण योजले आहे. तेथे त्यात निंदा नाही. धर्मशास्त्रात मात्र त्याला गुन्ह्याचा अर्थ आला. वसिष्ठधर्मसूत्रात आततायी सहा प्रकारचे सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन लुटणारा, जमीन बळकावणारा आणि परस्त्रीचे हरण करणारा. असा मनुष्य चालून आल्यास, मग तो गुरू असो वा ब्राह्मण, त्यास बेलाशक मारावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) अहिंसेच्या अपवादांची चर्चा करताना याच वचनाचा आधार घेतला आहे.

आता लाक्षागृह, भीमावरील विषप्रयोग, बळकावलेले राज्य आणि द्रौपदीची विटंबना आठवावी. कौरव आततायी ठरतात; त्यांना मारण्यास शास्त्राची मुभा आहे. तरीही त्यांना मारून आपल्याला पापच लागेल, असे अर्जुन म्हणतो. शास्त्राची अनुज्ञा असूनही मन कचरते, हा त्याचा पेच आहे. कौरव नुसते ‘उतावळे’ असते, तर पेच कसला?

हिंदीत ‘आततायी’ अजूनही अत्याचारी आहे. मराठीत शब्दाचा रोख कृत्यावरून वृत्तीकडे वळला. ‘अति’शी असलेल्या ध्वनिसाम्याचाही त्याला हातभार लागला असावा, असे आम्हांस वाटते. ‘अतिरेकी’चा प्रवास नेमका उलटा झाला. मुळात मर्यादा ओलांडणारा तो अतिरेकी; आज तो बॉम्ब पेरणारा झाला आहे. एक शब्द शस्त्र टाकून स्वभाव झाला, दुसऱ्या स्वभावाने शस्त्र उचलले.

शब्दांचे अर्थ पालटतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दंगलीच्या दिवसांत ‘कोणीही आततायीपणा करू नये’ असे आवाहन कानी पडते, तेव्हा आम्हांस ती यादी आठवते. आग लावणारा तीत पहिला होता. त्याचा गुन्हा आपण स्वभावदोषाच्या खात्यावर तर मांडत नाही ना, एवढे भाषेच्या अभ्यासकाने स्वतःला विचारावे.