महाराष्ट्राच्या द्विध्रुवीय राजकारणातील तिसरे पक्ष

महाराष्ट्राच्या राजकारणात दोन प्रमुख आघाड्यांच्या बाहेर राहून निवडणूक लढवणारे पक्ष आणि प्रभावी अपक्ष उमेदवार यांना ढोबळमानाने तिसरे पक्ष किंवा तिसरी शक्ती असे संबोधले जाते. अमेरिकेप्रमाणे महाराष्ट्रात केवळ दोन पक्षांची पद्धती नाही. मात्र १९९९ नंतरच्या बहुतेक निवडणुकांत मुख्य लढत दोन आघाड्यांमध्येच झाली आहे. अशा लढतीत तिसऱ्या पक्षाला जागा थोड्या मिळाल्या, तरी विजयी उमेदवार ठरण्यात, सरकार स्थापनेत आणि एखादा प्रश्न राजकीय चर्चेत आणण्यात त्याचा वाटा मोठा असू शकतो.

संकल्पना

भारतात लोकसभा व विधानसभा निवडणुकांत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. त्यासाठी निम्म्याहून अधिक मतांची आवश्यकता नसते. अशा पद्धतीत दोन मोठे पक्ष प्रबळ होण्याकडे कल असतो, हा सिद्धान्त फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांच्या नावाने ओळखला जातो. आपले मत वाया जाऊ नये म्हणून मतदार जिंकण्याची शक्यता असलेल्या दोघांपैकी एकाकडे वळतात, असे त्याचे एक कारण सांगितले जाते.

या पद्धतीत मतांच्या संख्येइतकेच त्यांचे भौगोलिक केंद्रीकरण महत्त्वाचे ठरते. राज्यभर विखुरलेल्या लाखो मतांतून एकही जागा मिळत नाही, तर एका मतदारसंघात एकवटलेल्या मतांतून ती मिळू शकते. एक षष्ठांशाहून अधिक वैध मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. ही रक्कम सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारासाठी लोकसभेला २५,००० रुपये व विधानसभेला १०,००० रुपये आहे.

पार्श्वभूमी

संयुक्त महाराष्ट्र चळवळीनंतरच्या काळात काँग्रेस हा राज्यातील प्रमुख पक्ष होता. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट आणि रिपब्लिकन गट विरोधी बाजू सांभाळत. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले.

१९८९ मध्ये शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती झाली. १९९५ च्या निवडणुकीत या युतीला २८८ पैकी १३८ जागा मिळाल्या. बहुमतासाठी १४५ सदस्य आवश्यक होते. त्या वेळी निवडून आलेल्या ४५ अपक्षांपैकी अनेकांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी यांचे सरकार स्थापन झाले. १९९९ मध्ये काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी काँग्रेस (५८) यांनी निवडणूक स्वतंत्रपणे लढवली. निकालानंतर शेतकरी कामगार पक्षासह लहान पक्षांना सोबत घेऊन त्यांनी विलासराव देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले. दोन्ही प्रसंगी मोठ्या पक्षांना सत्तेपर्यंत पोहोचण्यासाठी आघाडीबाहेरील सदस्यांची गरज भासली.

२००६ मध्ये राज ठाकरे यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत १३ जागा जिंकल्या. ही संख्या २०१४ व २०१९ मध्ये प्रत्येकी एकवर आली आणि २०२४ मध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील उदाहरणे

*औरंगाबाद लोकसभा मतदारसंघ*

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीने ऑल इंडिया मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन (एमआयएम) या पक्षाशी युती केली. एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८ मते मिळाली. काँग्रेसचे सुभाष झांबड चौथ्या स्थानी राहिले. जलील ४,४९२ मतांनी विजयी झाले. एका आघाडीचा उमेदवार दुसऱ्या, तर दुसऱ्या आघाडीचा चौथ्या क्रमांकावर गेल्याने येथे 'तिसरा' कोण, हा प्रश्नच बदलला.

वंचित व एमआयएम यांची युती त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तुटली. २०२४ मध्ये शिवसेनेचे (शिंदे गट) संदिपान भुमरे १,३४,६५० मतांनी विजयी झाले. जलील दुसऱ्या व शिवसेनेचे (उद्धव बाळासाहेब ठाकरे) खैरे तिसऱ्या स्थानी राहिले.

*फर्दापूर आणि सिल्लोड–जालना*

अजिंठा लेण्यांजवळील फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातील गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असले, तरी ते सिल्लोड विधानसभा आणि जालना लोकसभा मतदारसंघात मोडते. त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्य शहरातील लढतीपेक्षा येथील मतदारांपुढचे चित्र वेगळे असते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत सिल्लोडमध्ये शिवसेनेचे अब्दुल सत्तार विजयी झाले आणि अपक्ष प्रभाकर पालोदकर दुसऱ्या स्थानी आले. २०२४ मध्ये मात्र लढत थेट दोन आघाड्यांत झाली आणि सत्तार यांनी सुरेश बनकर यांचा २,४२० मतांनी पराभव केला.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालन्यात काँग्रेसचे कल्याण काळे यांनी भाजपचे रावसाहेब दानवे यांचा सुमारे १ लाख १० हजार मतांनी पराभव केला. मराठा आरक्षण आंदोलनातून पुढे आलेले अपक्ष मंगेश साबळे यांना दीड लाखांहून अधिक, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त, मते मिळाली.

मतविभाजनाचा वाद

तिसऱ्या पक्षाची मते विजयी मताधिक्यापेक्षा जास्त असल्यास त्याच्यावर 'मते खाल्ल्याचा' आरोप होतो. २०१९ मध्ये सोलापुरात काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे १,५८,६०८ मतांनी पराभूत झाले. तेथे प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मते होती. नांदेडमध्ये अशोक चव्हाण यांचा ४०,१४८ मतांनी पराभव झाला, तर वंचितच्या उमेदवाराला १,६६,१९६ मते मिळाली. या आकड्यांच्या आधारे वंचित आघाडीला भाजपचा 'ब संघ' म्हटले गेले. आघाडीने हा आरोप फेटाळला.

अशा आकडेमोडीला मर्यादा आहेत. तिसरा उमेदवार नसता, तर त्याचे सर्व मतदार एकाच प्रतिस्पर्ध्याकडे गेले असते, असे यात गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात काहींनी दुसऱ्या आघाडीला मत दिले असते, काहींनी 'नोटा'चा पर्याय निवडला असता, तर काही मतदानालाच गेले नसते. सोलापुरात तर तिसऱ्या उमेदवाराच्या १०० पैकी ९३ हून अधिक मतदारांनी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत दिले असते, तरच निकाल बदलला असता. नांदेडमध्ये सुमारे एक चतुर्थांश मते पुरेशी होती. त्यामुळे दोन्ही निकालांना एकच निष्कर्ष लावता येत नाही. मते ही कोणत्याही पक्षाची मालमत्ता नसतात, असाही प्रतिवाद केला जातो.

प्रश्न व प्रतिनिधित्व

मोठ्या पक्षांकडून दुर्लक्षित राहिलेले समाजघटक व प्रश्न तिसऱ्या पक्षांमुळे निवडणुकीच्या रिंगणात येतात. भारिप बहुजन महासंघाने अकोला जिल्ह्यात दलितांसोबत लहान ओबीसी समाजांना उमेदवारी देऊन जे राजकारण उभे केले, ते 'अकोला पॅटर्न' म्हणून ओळखले जाते. ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी २००९ मध्ये हातकणंगले येथून लोकसभेवर गेले. लहान पक्षाचा प्रश्न मोठ्या पक्षाने स्वीकारल्यास लहान पक्षाचा जनाधार मात्र आटू शकतो.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के लोकमते मिळूनही निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही. २००० मध्ये फ्लोरिडा राज्यात जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची आघाडी ५३७ मतांची होती; तेथे ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती. ब्रिटनमध्ये २०१० साली कोणालाही बहुमत न मिळाल्याने लिबरल डेमोक्रॅट पक्ष हुजूर पक्षासह सत्तेत सहभागी झाला.

हे सुद्धा पहा

* वंचित बहुजन आघाडी
* औरंगाबाद (लोकसभा मतदारसंघ)
* जालना (लोकसभा मतदारसंघ)
* सिल्लोड विधानसभा मतदारसंघ