मोको

न्यूझीलंडमधील माओरी लोकांचे पारंपरिक गोंदण. गोंदण्याच्या क्रियेस ‘ता मोको’ म्हणतात. पॉलिनीशियात गोंदण्याची चाल सर्वत्र होती. तथापि अन्यत्र दंतुर हत्याराने त्वचा टोचून तीत रंग भरीत, तर माओरी चेहऱ्याची त्वचा छिन्नीने कोरीत. त्यामुळे रेषांच्या जागी कायमचे चर राहत. त्यांचे माओरी काष्ठशिल्पाशी निकटचे साम्य आहे.

या छिन्नीस ‘उही’ म्हणत. ती पक्ष्याच्या हाडापासून, विशेषतः अल्बट्रॉसच्या हाडापासून, करीत व लाकडी दांड्यात बसवून ठोकीत. काळा रंग कौरी वृक्षाची राळ जाळून मिळणाऱ्या काजळीपासून बनवीत. मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानला जाई. म्हणून गोंदण्याच्या काळात कडक विधिनिषेध (तापू) पाळीत. गोंदून घेणाऱ्यास अन्नाला हात लावता येत नसे. त्याला कोरीव लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न भरवीत. दंतकथेनुसार मताओरा याने पत्नी निवारेका हिला मारले, तेव्हा ती पाताळात पित्याकडे निघून गेली. तिच्या शोधार्थ गेलेल्या मताओराच्या चेहऱ्यावरील रंगवलेली नक्षी सासऱ्याने पुसून टाकली व न पुसणारी मोको त्यास दिली.

पुरुष चेहरा, नितंब व मांड्या, तर स्त्रिया प्रामुख्याने ओठ व हनुवटी गोंदवीत. मोकोतून व्यक्तीची वंशावळ, दर्जा व कर्तृत्व सूचित होई. म्हणून ती एकाची दुसऱ्यास चालत नसे. जमिनीच्या दस्तऐवजांवर व वाइटांगीच्या तहावर (१८४०) काही प्रमुखांनी सही म्हणून आपल्या मोकोतील रेषा काढल्या. ते पेही कुपे या प्रमुखाने १८२६ मध्ये लिव्हरपूल येथे आरशाविना आपली मोको कागदावर रेखाटली होती.

माओरी आप्तांची गोंदलेली मस्तके आदराने जतन करीत. यूरोपीय व्यापाऱ्यांनी बंदुकांच्या मोबदल्यात ती मागण्यास प्रारंभ केल्यावर त्यांस विक्रेय वस्तूचे रूप आले. विक्रीसाठी गुलामांनाही गोंदल्याचे उल्लेख आढळतात. १८३१ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर राल्फ डार्लिंग याने या व्यापारास बंदी केली. होरेशिओ रॉब्ली याने जमविलेला मस्तकांचा संग्रह १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने विकत घेतला. २०१४ मध्ये तो न्यूझीलंडला परत करण्यात आला. हा केवळ संग्राह्य वस्तूंचा परतावा नसून पूर्वजांचे पुनरागमन होय, असे माओरी मानतात.

मिशनऱ्यांचा विरोध व बदलते जीवन यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांची मोको लोपत गेली. स्त्रियांच्या हनुवटीवरील मोको मात्र सुईच्या साहाय्याने विसाव्या शतकातही टिकली. १९८० च्या सुमारापासून भाषा व संस्कृती यांच्या पुनरुज्जीवनाबरोबर या कलेस नवजीवन लाभले. हनुवटीवर मोको असलेल्या नानाइया माहुता या २०२० ते २०२३ या काळात देशाच्या परराष्ट्रमंत्री होत्या. माओरी नसलेल्यांच्या अंगावरील तत्सम नक्षीस ‘किरितुही’ असे वेगळे नाव रूढ झाले आहे. कारण वंशावळीचा आधार नसलेली नक्षी ही मोको नव्हे, अशी धारणा आहे.