शांतिपाठ आणि धान्याचे कोठार

जिनपूजा असो वा प्रतिक्रमण, आपल्या धर्मविधीत शांतिपाठाला आदराचे स्थान आहे. राजा आणि प्रजा, नगर आणि संघ या सर्वांना शांती लाभो, रोगराई व दुष्काळ टळो, अशी भावना त्यात आपण भावितो. परंतु आपले आराध्य तर वीतराग आहेत. ते स्तुतीने प्रसन्न होत नाहीत आणि निंदेने रुष्टही होत नाहीत. मग संकटकाळी केलेल्या प्रार्थनेचे प्रयोजन काय? आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इतिहासाची काही पाने उलटून या प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल.

श्वेतांबर परंपरेनुसार तक्षशिला नगरीत महामारी पसरली, तेव्हा तेथील संघाने राजस्थानातील नाडोल येथे विराजमान मानदेवसूरींना विनंती पाठविली आणि त्यांनी लघुशांती स्तोत्र रचून दिले. या कथेतील एक गोष्ट मननीय आहे. याचना एका व्यक्तीने स्वतःच्या आरोग्यासाठी केलेली नाही. ती संघाने संघासाठी केली, आणि दूरच्या नगरीचे दुःख आचार्यांनी आपले मानले. शांतिपाठ म्हणणारा आपली दृष्टी घराच्या उंबरठ्यापलीकडे नेतो, हे त्याचे पहिले फळ होय.

दुसरे उदाहरण कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांचे. विक्रम संवत 1312 ते 1315 या काळात गुजरातेत भीषण दुर्भिक्ष पडले. सर्वानंदसूरींनी संस्कृतात रचलेल्या ‘जगडूचरित’ काव्यात ही कथा येते. गुरूंकडून संकटाची पूर्वसूचना मिळताच जगडूशाहांनी ठिकठिकाणी धान्य साठविले. पुढे राजा वीसलदेवाची कोठारे रिती झाली व त्याने जगडूशाहांकडे धान्य मागितले. तेव्हा ‘यातील कणही माझा नाही’ असे त्यांनी सांगितले. कोठारांतील ताम्रपटांवर ते धान्य गोरगरिबांसाठी असल्याचे आधीच कोरून ठेवलेले होते!

आपला समाज प्रामुख्याने व्यापारी व शेतकरी. म्हणून ही कथा केवळ अभिमानाने सांगून भागणार नाही. भरलेले कोठार आणि बाहेर उपाशी जनता, ही स्थिती व्यापाऱ्यासाठी मोठ्या नफ्याचीही असते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्याबरोबरच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही आहे. राज्यात अव्यवस्था माजली असता मौल्यवान वस्तू अल्प मोलात पदरात पाडून घेण्याची खटपट आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत याच अतिचारात गणली आहे. दुसऱ्याच्या अडचणीचा लाभ उठविणे आणि चोरी यांत आपल्या आचार्यांनी फारसे अंतर ठेवलेले नाही.

अलीकडचा इतिहास तर आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीला होते. 1993 साली ती होऊन रात्र सरते न सरते तोच, 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. ही मुले कोणत्या धर्माची, हे कोणी विचारले नाही.

2020 सालच्या महामारीने मात्र वेगळीच परीक्षा घेतली. या वेळी धावून जाण्याइतकेच थांबणेही आवश्यक होते. त्या वर्षीच्या पर्युषणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दादर, भायखळा व चेंबूर येथील मंदिरांत 22 व 23 ऑगस्ट या दोनच दिवशी, एका वेळी पाच जणांनाच दर्शनाची अनुमती दिली. असंख्य श्रावकांनी घरीच सामायिक केले. ज्येष्ठांना दर्शनाविना राहणे किती जड गेले, हे आपण जाणतोच. परंतु आपल्या श्वासातून दुसऱ्यास बाधा न होऊ देणे, हे त्या काळचे अभयदानच होते.

श्रावकाच्या नित्य षट्कर्मांचा आरंभ देवपूजेने होतो आणि समाप्ती दानाने. पहिले कर्म करून सहावे सोडून देण्याची मुभा कोणत्याही आचार्यांनी दिलेली नाही. वीतराग प्रभू आपले संकट हरण करीत नाहीत. त्यांच्यासमोर उभे राहून आपण स्वतःला विचारावयाचे असते की, या संकटात माझ्या हाती काय आहे? माझे कोठार, माझे मोजमाप, माझा वेळ, माझा संयम. याचे प्रामाणिक उत्तर देणे आणि त्याप्रमाणे वागणे, हीच प्रार्थनेची पूर्तता होय.

पुढील पन्नास वर्षांत संकटे येतीलच. तेव्हा आपल्या मंदिरातील शांतिपाठाचा ध्वनी आणि आपल्या कोठाराचे उघडे दार, दोन्ही गावास एकाच वेळी लाभोत, हीच मंगल भावना.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.